छिटमहालांचा तंटा: सही १९७४ची, अंमल २०१५चा

६ मे २०१५ रोजी राज्यसभेने एक घटनादुरुस्ती विधेयक १८१ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी लोकसभेत मतं पडली ३३१ विरुद्ध शून्य. भारताची जमीन दुसऱ्या देशाला देणारं विधेयक आणि विरोधात एकही मत नाही! मतदानानंतर पंतप्रधान नरेंद्र मोदी समोरच्या बाकांकडे चालत गेले आणि त्यांनी सोनिया गांधींसह विरोधी नेत्यांचे आभार मानले. त्या दिवसाच्या बातम्यांमध्ये कौतुक भरपूर होतं. पण बांगलादेशाबरोबरच्या ज्या भू-सीमा करारासाठी ही दुरुस्ती झाली, त्यावर इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी १६ मे १९७४ रोजी दिल्लीत सह्या केल्या होत्या. कुणाचाच विरोध नसलेल्या गोष्टीला एक्केचाळीस वर्षं का लागली, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

शेजारी देशांचे जुने तंटे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन हट्टी सरकारं येतात. भारत-बांगलादेश भू-सीमा करारात तसं फारसं काही नव्हतं. काय द्यायचं, काय घ्यायचं यावर ढाका आणि दिल्ली यांचं जवळजवळ पहिल्यापासून एकमत होतं. अडलं ते घरात: दिल्ली आणि कोलकाता, दिल्ली आणि गुवाहाटी, सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात. शेजाऱ्याशी हस्तांदोलन करण्याइतकं धैर्य बऱ्याच नेत्यांनी दाखवलं. त्या हस्तांदोलनाची किंमत आपल्या माणसांसमोर उभं राहून मोजण्याची तयारी मात्र फार उशिरा आली.

जमिनीचं कोडं

कूचबिहार आणि रंगपूर या दोन मुलखांच्या सीमेवर अदलाबदल करायचे असे १६२ छिटमहाल होते. एका देशाची जमीन, पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेली. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११, क्षेत्र सुमारे १७,१६० एकर. भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१, क्षेत्र सुमारे ७,११० एकर. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावत, म्हणून असा नकाशा झाला, ही दंतकथा तिकडे सर्रास सांगितली जाते. खरा इतिहास एवढा रंगतदार नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला, तेव्हा ज्याच्या ताब्यात जे परगणे होते ते त्याच्याकडेच राहिले. सलग सीमा आखण्याची कुणाला गरज वाटली नाही. संस्थानी काळात याने काही बिघडतही नव्हतं. शेतकऱ्याला फक्त सारा कुणाला द्यायचा एवढंच ठाऊक असावं लागे. १९४७ मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेलं, १९४९ मध्ये कूचबिहार भारतात आलं आणि साऱ्याच्या जुन्या हिशेबाची आंतरराष्ट्रीय सीमा झाली.

यातला सर्वांत चक्रावून टाकणारा तुकडा म्हणजे दहाला खागडाबाडी. जेमतेम पावणेदोन एकरांचं शेत. हे भारताचं शेत होतं बांगलादेशाच्या छिटमहालात, तो छिटमहाल होता भारताच्या छिटमहालात आणि तो पुन्हा बांगलादेशात. असा तिहेरी वेढा जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

मराठी वाचकाला वेढलेल्या भूभागाची कल्पना अगदी परकी नाही. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे तसेच तुकडे होते. १९५४ च्या त्यांच्या मुक्तीत राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके यांच्यासारखे लोक होते. त्या भूभागांकडे जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. मात्र तिथे प्रश्न वसाहतवादाचा होता आणि बाजू स्पष्ट होत्या. कूचबिहारमध्ये दोन्हीकडे शेजारीच होते, बहुतेक वेळा एकाच भाषेचे.

१९५२ मध्ये भारत आणि पाकिस्तानने पारपत्र आणि व्हिसा लागू केले, तेव्हापासून इथलं जगणं बेकायदा ठरलं. आपल्या देशाचं पारपत्र काढायचं तर आधी परक्या देशाची हद्द ओलांडून जायला हवं, आणि ती ओलांडायची तर पारपत्र हवं. पोलीस ठाणं नाही, शाळा नाही, विजेचा खांब नाही. छिटमहालाच्या कडेपर्यंत तारा येत आणि तिथे थांबत. मुलाला शाळेत घालायचं, बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं तर शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी नाव बाप म्हणून, नवरा म्हणून लावायचं. चोरी झाली, खून पडला तर तक्रार कुठे द्यायची याला उत्तरच नव्हतं. जुलै २०११ मध्ये दोन्ही देशांनी मिळून शिरगणती केली, तेव्हा बांगलादेशातल्या भारतीय छिटमहालांत ३७,३३४ आणि भारतातल्या बांगलादेशी छिटमहालांत १४,२१५ माणसं भरली. पन्नास हजारांच्या आसपासचा हा आकडा. दोन महाकाय लोकसंख्यांच्या राजकारणात तो कुठेही मोजला जात नव्हता, कारण यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं.

बेरुबारी: पहिली ठेच

पहिला प्रयत्न जवाहरलाल नेहरूंचा. १० सप्टेंबर १९५८ रोजी नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यात समझोता झाला. छिटमहालांची अदलाबदल करायची आणि जलपैगुडी जिल्ह्यातल्या बेरुबारी युनियन क्रमांक १२ या पावणेनऊ चौरस मैलांच्या भागाची निम्मी-निम्मी वाटणी करायची, असं ठरलं. फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफ यांच्या निवाड्यातल्या एका त्रुटीमुळे बेरुबारी वादात आली होती. पाकिस्तानने तिच्यावर १९५२ मध्ये हक्क सांगितला, तोवर ती भारताकडेच होती.

नेहरूंनी वाटणी मान्य करताना पश्चिम बंगालला विश्वासात घेतलं नव्हतं. मुख्यमंत्री विधानचंद्र रॉय हे काँग्रेसचेच आणि नेहरूंचे जुने स्नेही, तरी राज्याच्या विधानसभेने विरोध नोंदवला. फाळणीत घरदार सोडून आलेली कुटुंबं बेरुबारीत वसली होती. त्यांना दुसऱ्यांदा पाकिस्तानात ढकलायचं का, हा प्रश्न कोलकात्याच्या रस्त्यावर आला. मग राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं.

ते मत १४ मार्च १९६० रोजी आलं आणि ते लिहिलं होतं साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. सरकारचा युक्तिवाद असा की आम्ही जमीन देत नाही, रॅडक्लिफ निवाड्याचा अर्थ लावतो आहोत. त्यासाठी कार्यकारी अधिकार पुरे. न्यायालयाने तो मान्य केला नाही. ही जमीन दुसऱ्या देशाला देणंच आहे, ते संसदेच्या साध्या कायद्याने होणार नाही, अनुच्छेद ३६८ प्रमाणे घटनादुरुस्ती करावी लागेल, असं स्पष्ट मत दिलं. पुढच्या प्रत्येक पंतप्रधानाच्या वाटेवर हे मत उभं होतं. सीमा वाटाघाटीत हात बांधले गेले, अशी कुरकुर यावर झाली आहे. मला ती पटत नाही. जमिनीसोबत माणसं जातात. त्यांचा देश बदलायचा तर दोन तृतीयांश खासदारांनी हात वर करावेत, ही अट जास्त नाही.

१९६० मध्ये नववी घटनादुरुस्ती झालीही. पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. नून यांची राजवट समझोत्यानंतर महिन्याभरात लष्करी कायद्याने संपली होती, इकडे न्यायालयीन खटले चालू राहिले, मग १९६५ चं युद्ध आलं, आणि १९७१ मध्ये तर समोरचा देशच बदलला.

१९७४: सही सोपी होती

मुजीब आणि इंदिरा गांधींचा करार १९५८ पेक्षा शहाणा होता. बेरुबारीचे तुकडे करायचे नाहीत, ती भारताकडे राहील. बदल्यात दहाग्राम आणि अंगरपोता हे दोन छिटमहाल बांगलादेशाकडे राहतील आणि तिथे जाण्यासाठी तीन बिघा इथली १७८ मीटर बाय ८५ मीटरची पट्टी भारत कायमच्या भाडेपट्ट्याने देईल. बाकीच्या छिटमहालांची सरसकट अदलाबदल. जास्तीच्या जमिनीची भरपाई भारताने मागायची नाही. तिथल्या लोकांना राहत्या जागी राहण्याचा हक्क.

मुजीब यांनी आपला शब्द त्याच वर्षी पाळला. बेरुबारी सोडल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, प्रकरण बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तरी नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांनी घटनेची तिसरी दुरुस्ती करून कराराला मान्यता मिळवली. नऊ महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९७५ रोजी, त्यांची हत्या झाली.

भारताने मान्यता दिलीच नाही. अधिकृत कारण असं की सुमारे ४,०९६ किलोमीटरच्या सीमेपैकी तीन ठिकाणची मिळून ६.१ किलोमीटर आखणी बाकी होती. आधी आखणी, मग मान्यता, असं दिल्लीचं म्हणणं. आधी मान्यता द्या, आखणी होईल, असं ढाक्याचं. हे कारण ऐकायला बरं वाटतं, पण पुरेसं नाही. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी ३५२ जागा जिंकल्या होत्या, लोकसभेत दोन तृतीयांश बहुमत हाताशी होतं. आणीबाणीत त्यांनी अर्धी घटना बदलली. ही छोटी दुरुस्ती मात्र आणली नाही. १९८४ नंतर राजीव गांधींकडे चारशेहून जास्त खासदार होते. पण १९८५ मध्ये त्यांनी आसाम करार केला होता. बांगलादेशातून होणाऱ्या स्थलांतरावर पेटलेल्या राज्याला आता आपण थोडी जमीन बांगलादेशाला देणार आहोत, हे सांगायला कोण जाणार?

याच काळातलं दुसरं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९७४ च्या जूनमध्ये इंदिरा गांधींनी श्रीलंकेशी करार करून कच्चथीवू बेटावरचा त्या देशाचा हक्क मान्य केला. तिथे घटनादुरुस्ती केली नाही. बेट कधी निर्विवाद आपलं नव्हतंच, म्हणून ते देण्याचा प्रश्नही नाही, अशी भूमिका घेतली. वाद तिथल्या तिथे मिटल्यासारखा दिसला. आज पन्नास वर्षांनंतरही तमिळनाडूत प्रत्येक निवडणुकीत कच्चथीवू निघतं. संसदेला आणि राज्याला वळसा घालून वेळ वाचतो; तंटा वाचलेल्या वेळाचं व्याज वसूल करत राहतो.

तीन बिघा आणि बोराईबारी

मधल्या पंचवीस वर्षांत दोन घटना घडल्या. पहिली तीन बिघाची. १९८२ मध्ये भाडेपट्ट्याच्या अटी ठरल्या, मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि अखेर २६ जून १९९२ रोजी ती पट्टी खुली झाली. जेमतेम दोन-चार फुटबॉल मैदानांएवढी जागा, पण शेजारच्या कुचलीबारीच्या भारतीय रहिवाशांना वाटत होतं की उद्या आपणच तुटून छिटमहाल होऊ. आंदोलनं झाली, गोळीबारात माणसं गेली. सुरुवातीला फाटक दिवसातले काही तासच, तेही तासाआड उघडायचं. दहाग्रामच्या माणसाने रात्री आजारी पडायचं नाही, असाच त्याचा अर्थ. चोवीस तासांची वाट व्हायला २०११ उजाडलं. स्थानिक लोकांची भीती खोटी ठरली, पण ती भीती होती आणि तिच्याशी कुणी वेळेवर बोललं नव्हतं.

दुसरी घटना एप्रिल २००१ ची. मेघालयाच्या सीमेवरच्या पिरदिवाह गावावरून तणाव सुरू झाला आणि आसाम सीमेवरच्या बोराईबारी इथे चकमक होऊन सीमा सुरक्षा दलाचे १६ जवान मारले गेले. दोन्ही गावं एकाच दुखण्याची: नकाशावर एकाची, प्रत्यक्ष ताब्यात दुसऱ्याची. अशा ‘प्रतिकूल ताब्या’तल्या जमिनी दोन्हीकडे हजारो एकर होत्या. मित्र म्हणवणाऱ्या देशांत न मिटलेली सीमा किती महाग पडते, हे त्या आठवड्यात दिसलं. तरीही पुढची आठ वर्षं काहीच हललं नाही.

२०११: करारातली खरी सुधारणा

शेख हसीना २००९ मध्ये पुन्हा सत्तेवर आल्या आणि त्यांनी आधी किंमत मोजली. बांगलादेशात आसरा घेतलेल्या उल्फा या आसामी बंडखोर संघटनेच्या नेत्यांवर कारवाई झाली. २००९ च्या डिसेंबरात तिचे अध्यक्ष अरविंद राजखोवा भारताच्या ताब्यात आले. ढाक्यात भारताची तळी उचलल्याचा आरोप ही शिवी असते. हसीनांनी ती पत्करली. दिल्लीत बांगलादेशाकडे बघण्याची नजर यामुळे बदलली, आणि मुख्य म्हणजे आसामचं राजकारण थोडं मऊ झालं. २०१० च्या जानेवारीत त्या दिल्लीत आल्या, ६ सप्टेंबर २०११ रोजी मनमोहन सिंग ढाक्याला गेले आणि १९७४ च्या कराराला जोडपत्र झालं.

हे जोडपत्र मला संपूर्ण प्रकरणातला सर्वांत विचारी कागद वाटतो, आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं जातं. १९७४ च्या करारानुसार प्रतिकूल ताब्यातल्या जमिनी नकाशाप्रमाणे परत करायच्या होत्या. म्हणजे तीन पिढ्या तिथे कसणाऱ्या कुटुंबांनी उठायचं. २०११ मध्ये उलट केलं: माणसं जिथे आहेत तिथे राहू द्या, रेषा सरकवा. या हिशेबात भारताकडे २,७७७ एकर आली आणि २,२६७ एकर गेली. पिरदिवाह भारताकडे राहिलं, बोराईबारी बांगलादेशाकडे. दुसरी गोष्ट म्हणजे छिटमहालांतल्या माणसांना नागरिकत्वाची निवड. जागेवर राहून नव्या देशाचे नागरिक व्हा, किंवा जुनं नागरिकत्व ठेवून त्या देशात जा. शिरगणती आधी झाली होती, त्यामुळे निवड कुणाला द्यायची याची यादी होती. ती यादी निर्दोष नव्हती. मजुरीसाठी दूर गेलेली काही माणसं तिच्यात आलीच नाहीत. पण सीमा ठरवताना तिथल्या माणसाला विचारायचं असतं, हे १९४७ पासून पहिल्यांदाच कागदावर आलं.

मनमोहन सिंगांसोबत त्या दौऱ्यात आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामचे मुख्यमंत्री होते. सर्वांत लांब सीमा असलेल्या राज्याच्या मुख्यमंत्री नव्हत्या. पश्चिम बंगालच्या ममता बॅनर्जींनी ऐन वेळी तिस्ता नदीच्या पाणीवाटपाला हरकत घेऊन दौऱ्यातून अंग काढलं. नेहरू आणि विधानचंद्र रॉय यांच्यात झालं होतं तेच पुन्हा घडलं. कायद्याने या घटनादुरुस्तीला राज्याची संमती लागत नव्हती. पण सीमेवरची महसूल कचेरी, पोलीस, पुनर्वसनाची जमीन हे सगळं राज्याच्या हातात. कोलकात्याचा होकार घटनेत लिहिलेला नाही म्हणून तो लागत नाही, असं समजणाऱ्या दिल्लीने प्रत्येक वेळी हात पोळून घेतले.

तेच विधेयक, वेगळे बाक

१८ डिसेंबर २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी विधेयक राज्यसभेत मांडलं ते गदारोळातच. आसाम गण परिषद, तृणमूल आणि भाजप विरोधात. संयुक्त पुरोगामी आघाडीकडे दोन तृतीयांश बहुमत नव्हतं. भाजपशिवाय विधेयक हलणार नव्हतं. भारताचा भूभाग हा घटनेच्या मूलभूत चौकटीचाच भाग आहे, तो दुरुस्तीने कमी करता येणार नाही, असा मुद्दा अरुण जेटलींनी मांडला. बेरुबारी प्रकरणात न्यायालयाने दुरुस्तीचाच मार्ग दाखवला होता, हे जेटलींसारख्या वकिलाला ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? तो कायद्याचा मुद्दा कमी आणि आसामच्या निवडणुकांचा जास्त होता.

सहा महिन्यांनी सरकार बदललं. परराष्ट्रमंत्री म्हणून सुषमा स्वराज यांचा पहिला स्वतंत्र दौरा जून २०१४ मध्ये ढाक्याचा झाला. त्याच वर्षीच्या जुलैत बंगालच्या उपसागरातल्या सागरी सीमेचा लवादाचा निवाडा आला. वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. भारताने आदळआपट न करता तो मान्य केला. मोठ्या देशाने हरलेला निवाडा गुमान स्वीकारणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ढाक्यात तिची नोंद घेतली गेली.

मग पुढची पायरी घरातली. ३० नोव्हेंबर २०१४ रोजी मोदी गुवाहाटीत आपल्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर म्हणाले की जमिनीची अदलाबदल होणार, आज तोटा वाटेल पण घुसखोरी रोखायला हीच वाट उपयोगी पडेल. विरोधात प्रचार केलेल्या पक्षाच्या लोकांसमोर, विरोध सर्वांत तीव्र असलेल्या शहरात जाऊन हे सांगणं सोपं नव्हतं. चार दिवसांनी, ४ डिसेंबरला, ममतांनी छिटमहालांच्या जवळच कूचबिहार जिल्ह्यात सभा घेऊन पाठिंबा जाहीर केला आणि पुनर्वसनाचे पैसे केंद्राने द्यावेत अशी अट घातली. शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने त्याच आठवड्यात विधेयकाला अनुकूल अहवाल दिला होता.

एकाच कराराची तीन ठिकाणी तीन वर्णनं झाली: गुवाहाटीत कुंपण आणि घुसखोरी, कोलकात्यात पुनर्वसनाचा निधी, ढाक्यात मैत्री. हा दुटप्पीपणा आहे का? थोडा आहे. पण तिन्ही वर्णनं खरी होती, आणि ज्याला जे पचेल ते त्याच्या पुढ्यात ठेवणं हे राजकारण्याचं कामच आहे.

शेवटच्या आठवड्यात पाय घसरलाच. २०१६ मध्ये आसामची निवडणूक होती, म्हणून आसामचा भाग विधेयकातून वगळायचं सरकारच्या मनात आलं. प्रश्न होता सुमारे २६८ एकरांचा. काँग्रेस अडून बसली, मुख्यमंत्री तरुण गोगोईंनी आसामसह करार हवा असं बजावलं, आणि सरकारने माघार घेतली. पूर्ण विधेयक मंजूर होऊन ती शंभरावी घटनादुरुस्ती झाली. २०१३ मध्ये भाजपने काँग्रेसशी जे केलं, ते काँग्रेसने २०१५ मध्ये भाजपशी केलं नाही. ३३१ विरुद्ध शून्य या आकड्यात मोदींइतकाच हा वाटा आहे. तो फारसा कुणी मोजत नाही. आणि मोदींबद्दलही खरं बोलायचं तर त्यांचा मोठेपणा करार घडवण्यात नव्हता, तो आयता होता. तो होता स्वतःच्या पक्षाची दोन वर्षांपूर्वीची भूमिका उघडपणे गिळण्यात. राजकारणात हे क्वचित घडतं, म्हणून त्याचं श्रेय द्यायला हात आखडू नये.

६ जून २०१५ रोजी ढाक्यात मान्यतापत्रांची देवघेव झाली. मोदी आणि हसीनांसोबत या वेळी ममताही होत्या.

३१ जुलैच्या रात्रीनंतर

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ छिटमहाल नकाशावरून गेले. या यादीत नसलेला दहाग्राम-अंगरपोता तेवढा तीन बिघाच्या वाटेसह राहिला. कूचबिहारमधल्या मशालडांगात लोकांनी अडुसष्ट वर्षांसाठी अडुसष्ट मेणबत्त्या लावल्या.

सरकारी अंदाज आणि माणसांची निवड यात केवढं अंतर होतं ते आता कळलं. बांगलादेशातल्या सदतीस हजारांवर भारतीय छिटमहालवासीयांपैकी भारतात यायचं ठरवणारे हजाराच्या आतच निघाले. भारतातल्या चौदा हजारांवर लोकांपैकी बांगलादेशात जायला एकही तयार झाला नाही. लोकांनी देशापेक्षा शेत, विहीर आणि सोयरीक निवडली. जमिनीच्या तुकड्यावर दावा सांगणाऱ्या दोन राष्ट्रांना यातून जे कळायला हवं होतं ते १९५८ मध्येही कळू शकलं असतं; कुणी विचारलं असतं तर.

आलेल्या लोकांचं पुढे काय झालं, हा या यशोगाथेतला कच्चा धागा. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबारी इथल्या तात्पुरत्या छावण्यांत उतरले. पत्र्याच्या खोल्या, उन्हाळ्यात भट्टी. केंद्राने सुमारे हजार कोटींचा निधी मंजूर केला होता, पण त्याचा मोठा हिस्सा रस्ते-पुलांसारख्या कामांचा. तात्पुरत्या छावणीत वर्षांमागून वर्षं गेली, नंतर सदनिका मिळाल्या. पण शेतकऱ्याला सदनिका देऊन त्याच्या हाताला काम मिळत नाही. तिकडे मागे राहिलेल्या जमिनी विकून पैसा आणणंही अनेकांना जमलं नाही. जागेवर राहिलेल्यांचं तुलनेने बरं झालं. हसीना ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वतः कुडिग्रामच्या दासियार छडा या जुन्या भारतीय छिटमहालात गेल्या. तिथे वीज, शाळा, रस्ते लवकर पोचले. भारतात सामील झालेल्यांनी ५ मे २०१६ रोजी विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं. जमिनीच्या नोंदी त्यांच्या नावे होण्याचं काम मात्र मतदार यादीच्या वेगाने झालं नाही.

पाणी

जमिनीवर जमलं ते तिस्तेवर का जमत नाही, असं विचारलं जातं. छिटमहालांत भारताने सुमारे दहा हजार एकर जास्त दिली, पण ती जमीन भारताच्या हातात कधी नव्हतीच. तिथे भारताचा तलाठी पोचत नव्हता की शिपाई. तोटा कागदावरचा होता. तिस्तेचं पाणी उत्तर बंगालच्या शेतात आजच्या रब्बीला लागतं. तिथे देणं म्हणजे खरोखर देणं. म्हणून २०११ चा तिस्ता मसुदा अजून मसुदाच आहे.

पण पाण्यावर जमतच नाही असंही नाही. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार पंतप्रधान देवेगौडा आणि हसीना यांनी केला, आणि तो शक्य झाला कारण मुख्यमंत्री ज्योती बसू वाटाघाटीत पहिल्यापासून होते. ते स्वतः ढाक्याला जाऊन आले होते. तो करार तीस वर्षांचा, मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. जून २०२४ मध्ये हसीना दिल्लीत आल्या तेव्हा नूतनीकरणाची तांत्रिक बोलणी सुरू करायचं दोन्ही सरकारांनी जाहीर केलं. दोनच दिवसांत ममता बॅनर्जींनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं: राज्याला न विचारता हे कसं ठरलं? दीड महिन्याने हसीनांची सत्ता गेली आणि ढाक्यातलं दार वेगळ्याच कारणाने अर्धवट मिटलं. जानेवारी २०२५ मध्ये सीमेवरच्या कुंपणावरून दोन्ही देशांनी एकमेकांच्या राजनैतिक प्रतिनिधींना बोलावून घेतलं; वादातल्या जागांमध्ये दहाग्रामचं नाव पुन्हा आलं. वाद कुंपणाच्या खांबांचा होता. रेषा कुठे आहे, यावर दोघांपैकी कुणीही प्रश्न काढला नाही.